त्यांचा एक स्क्रू

"हा ड्रेस नको. यात ती गरीब दिसत नाही."

मॅडम हे मला म्हणाल्या नाहीत. फोटो काढणाऱ्याला म्हणाल्या. मी हातभर अंतरावर उभी होते, पण माझ्याशी बोलायची त्यांना गरज वाटली नाही.

नागापूरच्या एमआयडीसीत त्यांचा कारखाना. त्याच्या आवारात मांडव घातला होता. साहेबांचा, म्हणजे मॅडमच्या नवऱ्याचा, वाढदिवस होता आणि त्यानिमित्त ऊसतोड कामगाराच्या मुलीला संगणक भेट द्यायचा होता. ऊसतोड कामगाराची मुलगी म्हणजे मी. बारावी पास झाले होते. आयटीआयला ड्राफ्ट्समनच्या कोर्सला नंबर लागला होता. त्या दिवसासाठी मामाच्या मुलीचा पिवळा ड्रेस मागून आणला होता, इस्त्री करून घातला होता. केसांना तेल लावलं होतं. नटण्यात माझी चूक झाली होती.

माझी आई त्याच कारखान्याच्या ऑफिसात झाडलोट करायची, चहापाणी बघायची. त्या दिवशी ती मांडवात पाण्याचे ग्लास फिरवत होती. मॅडमनी तिला बोटाने बोलावलं.

"तुम्ही बायका तोडीला जाताना साडीवर पुरुषाचा शर्ट घालता ना? तो आहे का घरी?"

"हाय की," आई म्हणाली.

"आण. हिला घाल."

आमची खोली जवळच होती. आई अक्षरशः पळत गेली आणि शर्ट घेऊन आली. तो माझ्या वडिलांचा शर्ट. ते होते तोवर त्यांचा, ते गेल्यावर आईचा तोडीचा. उसाच्या पात्यांनी बाह्या चिरलेल्या, कोपराला दुसऱ्याच कापडाचं ठिगळ. मी ऑफिसच्या संडासात जाऊन तो ड्रेसवर चढवला आणि बाहेर आले.

मॅडमनी मान तिरकी करून बघितलं. "आता बरं. ड्रायव्हर, गाडीतला कोयता दे तिच्याकडे."

साहेबांचं मूळ घर काष्टीकडे. तिथे त्यांचा ऊस. कोयता तिथूनच मागवला होता, फोटोसाठी. नवा कोरा. मूठ खरखरीत, पात्यावर दुकानाचं तेल तसंच. आईच्या कोयत्याची मूठ वापरून वापरून गुळगुळीत झालेली होती, तो हातात बसायचा. हा बसत नव्हता. एका हातात तो कोयता, दुसऱ्या हातात कीबोर्ड. मागे टेबलावर संगणक, त्याला हार.

"खाली बघ," फोटोवाला म्हणाला. मग म्हणाला, "नको. साहेबांकडे बघ. आभार दिसू देत जरा तोंडावर."

काष्टीहून जीप भरून आलेले पाहुणे हसले. मी साहेबांकडे बघितलं. नाही बघितलं तर आईचं काम जाईल, एवढं मला तेव्हाही कळत होतं.

साहेब माइकवर म्हणाले, "उद्या ही पोर मोठी होईल आणि लोकांना सांगेल की माझ्या हातातला कोयता या माणसाने काढून घेतला."

टाळ्या पडल्या. कोयता माझ्या हातात त्यांनीच तर दिला होता. आत्ताच. स्वतःच्या गाडीतून काढून.

हे मी मनात म्हणाले. तोंडाने "थँक्यू साहेब" म्हणाले.

संगणक घरी आला. आमचं घर म्हणजे पत्र्याची एक खोली. वडील गेल्यावर आईने आणखी काही हंगाम तोडी केली, मग मला घेऊन जामखेडकडचं गाव सोडून नागापूरला आली, तेव्हापासूनची. आईने संगणकाला हळदकुंकू लावलं, वर रुमाल टाकला. मी बटण दाबलं.

ते यंत्र सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचं की मी सकाळी बटण दाबून भाकऱ्या थापायला बसायचे. पंखा गिरणीसारखा ओरडायचा. ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर उघडलं की पडदा गोठायचा. एक रेघ मारायची आणि बसून राहायचं. काढलेलं काम सेव्ह व्हायच्या आत बंद पडायचं. शिवाय रोज सकाळी ते मला भलतंच जुनं साल दाखवायचं, मी शाळेतही गेले नव्हते तेव्हाचं. आयटीआयमध्ये सर म्हणायचे, घरी सराव करा. मी रोज घरी जाऊन त्या पडद्यासमोर बसायचे आणि माझाच मेंदू मंद आहे असं मला वाटायला लागायचं.

शेवटी एका रविवारी कॅबिनेट मांडीवर घेऊन रिक्षाने नगरात गेले. तिथे जुन्या संगणकांचं एक दुकान आहे, रफिकभाईंचं. वयस्कर माणूस, बोलायला कमी. त्यांनी झाकण काढलं, टॉर्च लावून आत बघितलं.

"कुठून घेतला?"

"भेट मिळालाय."

त्यांनी आत बोट दाखवलं. "मेमरीच्या या दोन खाचा. एकीत पट्टी आहे. दुसरी रिकामी. सगळ्या बोर्डवर धुळीचा थर आहे, या रिकाम्या खाचेत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्हाला द्यायच्या आधी काढून घेतली, ताई."

चपातीवरचं तूप पुसून घ्यायचं आणि मग ती भिकाऱ्याच्या ताटात टाकायची, तसं. कुणीतरी मुद्दाम स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलं होतं. हिला द्यायला हे जास्त होतंय असं कुणाला तरी वाटलं होतं. मला रडू आलं नाही. हार घातलेल्या त्या डब्यात निम्मी मेमरी नव्हती आणि मी त्याच्यासाठी कोयता धरून उभी राहिले होते.

रफिकभाई म्हणाले, "टाकून देऊ नका. बोर्ड चांगला आहे. एकदम काही होणार नाही, हळूहळू करा. प्रोसेसरच्या मागे लागू नका. हार्डडिस्क काढून एसएसडी टाका, त्यानेच निम्मा जीव येईल. मग मेमरी. जुनी मिळाली तर मी ठेवून देईन."

मी हळूहळू केलं. एमआयडीसीतल्या पोरांची एक मेस होती, तिथे सकाळी भाकऱ्या थापायला लागले. मग आयटीआय. हाताला पिठाचा वास असायचा, तसाच पेन्सिलीला लागायचा. मुली नाक मुरडायच्या. मुरडू देत.

पहिली बदलली ती बोर्डवरची बटणाएवढी बॅटरी, घड्याळवाल्याकडे मिळते ती. दुसऱ्या दिवशी सकाळी पडद्यावर खरं साल आलं. एवढ्या गोष्टीचा मला झालेला आनंद मी कुणाला सांगू शकले नाही. नंतर एसएसडी आली. बटण दाबलं आणि सवयीने परातीकडे वळले, तर मागे संगणक सुरू होऊन बसलेला. आई म्हणाली, "आता तुला भाकरी करायला येळच देत न्हाई त्यो." आम्ही दोघी हसलो. वडील गेल्यापासून त्या खोलीत इतकं मोठ्याने कुणी हसलं नव्हतं. मग मेमरीच्या जुन्या पट्ट्या मिळाल्या, मी दोन्ही खाचा भरल्या. मग पॉवर सप्लाय जळाला, तो बदलला. पंख्याचं पातं तुटलं, पंखा बदलला. प्रत्येक वेळी बाहेर काढलेला पार्ट मी कोपऱ्यात टाकायचे आणि प्रत्येक वेळी आई तो उचलायची.

"टाकू नगं. त्यांचं हाय."

"आई, जळालंय ते."

"जळालेलं बी त्यांचंच."

ती ते सगळं वडिलांच्या शर्टात गुंडाळून पेटीत ठेवायची. मी चिडायचे. पण तिच्याशी भांडता यायचं नाही, कारण ती असं का करते हे मला माहीत होतं.

तोडीला असताना गाडी आपली नसते. साखर कारखान्याची असते, लोखंडी, टायरची. बैल आपले, गाडी त्यांची. हंगाम संपला की गाडी परत करायची आणि तिचं काही मोडलं असेल तर मोडका तुकडा मुकादमाला दाखवायचा. तुकडा दाखवला तर मोडलं. नाही दाखवला तर तुम्ही विकलं. तिकडची ही रीत. कुणी लिहिलेली नाही, पण प्रत्येक कोपीत, तोडकऱ्यांच्या झोपडीत, एक पोतं असतंच मोडक्या तुकड्यांचं.

माझे वडील उताराला गाडी उलटून गेले. ऊस अंगावर आला. जू मोडलं होतं, ते तिथेच रस्त्याकडेला पडलं. आई वडिलांना टेम्पोत घालून गावाकडे निघाली. त्या टेम्पोत मी होते. जू उचलून घ्यावं असं आमच्यापैकी कुणाला सुचलं नाही. हंगामाच्या शेवटी मुकादमाने हिशेबाला बसवलं आणि विचारलं, "मोडलेलं जू कुठंय?" त्याने परत विचारलं. आई म्हणाली, "घ्या कापून."

त्याने आमच्या मजुरीतून कापून घेतलं.

तेव्हापासून आई दुसऱ्याच्या वस्तूचा धागासुद्धा टाकत नाही. कप फुटला तरी ती तुकडे पदरात घेऊन मॅडमपुढे उभी राहायची. मॅडम म्हणायच्या, "किती प्रामाणिक आहे बाई." तो प्रामाणिकपणा नव्हता. ती भीती होती. मॅडमना दोन्हीतला फरक कळायचं कारण नव्हतं.

आयटीआय झालं. मी घरीच ड्रॉइंगची कामं घ्यायला लागले. नागापुरात छोटी वर्कशॉप पुष्कळ. कुणाला यंत्रावर पार्ट पकडायच्या फिक्श्चरचं ड्रॉइंग हवं असतं, कुणाकडे नुसता मोडका पार्ट असतो आणि तसाच नवा बनवायचा असतो. मी जाऊन मापं घ्यायचे, घरी येऊन काढायचे, छापून द्यायचे. कामाला कुणी नावं ठेवली नाहीत. त्या खोलीचं भाडं आणि आमचं खाणं त्या यंत्रावर चालायला लागलं.

आणि तिकडे साहेबांच्या ऑफिसात माझा तो फोटो. मोठा करून, चौकटीत. शर्ट, कोयता, कीबोर्ड आणि साहेबांकडे वळलेलं माझं तोंड. येणाऱ्या पाहुण्याला मॅडम दाखवायच्या. आई रोज फडक्याने तो पुसायची. मला सांगायची, "लई झ्याक दिसतीस त्यात." ती मनापासून सांगायची म्हणून मी काही बोलायचे नाही.

या वर्षी साहेबांना निवडणुकीला उभं राहायचं ठरलं. वाढदिवस मोठा करायचा होता. मॅडमनी मला बोलावून घेतलं. बसायला सांगितलं नाही.

"या वेळी व्हिडिओ करायचाय. आधी तू शर्ट घालून कोयता घेऊन उभी. मग संगणकावर काम करताना. मग साहेबांच्या पाया पडताना. शर्ट आहे ना अजून?"

"आहे. पण मी घालणार नाही."

"का?"

"तो माझ्या वडिलांचा आहे. ते तोडीला असताना गेले."

मॅडमचा चेहरा उजळला. खरंच उजळला, मी बघितलं. "मग तर फारच चांगलं. हे आधी का नाही सांगितलंस? हेच बोल व्हिडिओत. लोकांना भिडतं असलं."

माझा बाप मेला हे त्यांच्या उपयोगाचं निघालं होतं.

"मॅडम, मी येणार नाही."

मॅडमनी आवाज चढवला नाही. त्यांनी कधीच चढवला नाही. "ठीक आहे. मग संगणक परत आणून दे. दुसरी बघू. कोयत्यावरच्या पोरींना काय तोटा आहे?"

"देते," मी म्हणाले. "हातातलं काम संपवून, माझं त्यातलं काढून घेऊन उद्या संध्याकाळी आणून देते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एका वर्कशॉपमध्ये मापं घ्यायला गेले होते. मॅडमनी आईला ड्रायव्हरबरोबर टेम्पोत बसवून खोलीवर पाठवलं. आईने कुलूप काढलं आणि संगणक देऊन टाकला. मी परत आले तर टेबल रिकामं. धुळीत चौकोन उमटलेला. शेजारीण म्हणाली, "तुजी आईच घिऊन गेली की." त्या संगणकात माझं सगळं काम होतं. काढलेली ड्रॉइंग, अर्धी राहिलेली, गिऱ्हाइकांना शब्द दिलेली.

मी तशीच कारखान्यावर गेले.

ऑफिसात साहेबांचा मुलगा बसला होता. त्याला सगळे दादा म्हणतात, पुण्याहून शिकून आलेला, माझ्यापेक्षा एखाद्या वर्षाने मोठा. माझा संगणक त्याच्या टेबलावर. पडद्यावर माझं ड्रॉइंग उघडं. तो शेजारी बसलेल्या मॅडमना सांगत होता, "मम्मी, हा तर मस्त पळतोय. आपण उगाच देऊन टाकला."

आई दाराशी झाडू घेऊन उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

मी म्हणाले, "दादा, यात माझे पार्ट आहेत. तेवढे काढून घेते."

"संगणक आमचा आणि आतले पार्ट तुझे?"

"एसएसडी, मेमरी, पॉवर सप्लाय, पंखा. मी घालून घेतलेत."

"मग आमचे कुठे गेले?"

उत्तर मॅडमनी दिलं. "कुठे जाणार? भंगारात." मग आईकडे वळल्या. "काय गं, विकले ना?"

माझी आई त्यांच्यापेक्षा वयाने मोठी. काय गं. आईने झाडू भिंतीला टेकवला आणि बाहेर निघून गेली.

"बघ," मॅडम म्हणाल्या. "तोंड दाखवायला जागा नाही म्हणून गेली."

मी सांगितलं की ती येईल. दादा हसला. तो माझ्या ड्रॉइंगवर माउस फिरवत होता, रेघा पकडून इकडेतिकडे ओढत होता, उगाच, हाताला चाळा म्हणून. मी दोनदा म्हणाले, असं करू नका. त्याने ऐकलं नाही, वर सेव्हही केलं.

आई आली. कडेवर मूल घ्यावं तसं गाठोडं घेऊन आली. वडिलांचा शर्ट. ती ते टेबलावर ठेवायला गेली.

"तिथे नको," मॅडम म्हणाल्या. "खाली."

आई खाली बसली. फरशीवर शर्ट पसरला आणि एकेक पार्ट काढून ओळीने मांडायला लागली, बाजारात भाजी मांडतात तसा. जुनी हार्डडिस्क. मेमरीची पट्टी. जळालेला पॉवर सप्लाय, वायरी नीट गुंडाळून दोऱ्याने बांधलेला. बटणाची मेलेली बॅटरीसुद्धा, कागदात पुडी करून. दादा खुर्चीतून उठला, पण वाकला नाही. बुटाच्या टोकाने दाखवत होता.

"हे काय?"

"पट्टी हाय."

"हे?"

"पंखा. त्येचं एक पातं तुटलंय. ते बी हाय, ह्ये बघा." आईने पदराची गाठ सोडली आणि प्लास्टिकचं तुटकं पातं काढून पंख्याशेजारी ठेवलं. "समदं हाय दादा. तुमी मोजून घ्या."

पातं नखाएवढं होतं. ते तिने वर्षानुवर्षं जपलं होतं आणि आज येताना हरवू नये म्हणून वेगळं गाठीत बांधून आणलं होतं. मला तिचा अभिमान वाटला असेल असं कुणाला वाटेल. नाही वाटला. एका माणसाला आयुष्यभर इतकं घाबरवून ठेवायचं की ती तुटकं पातं सोन्यासारखं जपेल, आणि मग त्याच्याकडे बुटाने दाखवायचं.

दादाने बघून घेतलं. सगळं होतं. त्याला काही सापडलं नाही, तर तो हसत म्हणाला, "आहे बुवा सगळं. पण मावशी, एवढी वर्षं आमचा संगणक वापरला, झिजवला, त्याचं काय करायचं?"

तो थट्टा करत होता. हे मला कळलं. मॅडमनाही कळलं, त्याही हसल्या. आईला त्यांची थट्टा कळत नाही. ती फरशीवर बसल्या बसल्या मान खाली घालून म्हणाली,

"घ्या कापून."

तेच शब्द. तोच आवाज. तेव्हा मी तिच्या शेजारी बसले होते आणि लहान होते. आता लहान नव्हते.

"काही कापायचं नाही," मी म्हणाले.

मॅडम म्हणाल्या, "तुला कुणी विचारलं?"

"कुणी विचारलं नाही. म्हणूनच सांगतेय. काही कापायचं नाही. आई, उठ."

आई उठली नाही. मग मीच खाली बसले, सगळे पार्ट शर्टात भरले आणि ते गाठोडं टेबलावर ठेवलं. दादाच्या कागदांवर. मॅडमच्या चहाच्या कपाला लागून. संगणक बंद केला, वायर उपसली, पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला आणि झाकण उघडलं.

"ए, हात लावू नको," दादा म्हणाला.

"तुमचं तुम्हाला देतेय. बघत बसा."

मी एकेक काढत गेले. माझी एसएसडी काढली, त्यांची हार्डडिस्क बसवली. माझ्या पट्ट्या काढल्या, त्यांची एकच पट्टी तिच्या खाचेत दाबली. माझा पॉवर सप्लाय काढला, त्यांचा जळका लावला. तो लावण्यात अर्थ नव्हता, पण त्यांचा होता, लावला. पंखा बसवला, तुटकं पातं आत टाकलं. बॅटरीसुद्धा बदलली. घाई केली नाही. काम चोख केलं. मॅडम दोनदा फोन उचलून परत ठेवून बसल्या. आई एकसारखी "बास कर, बास कर" म्हणत होती.

तेवढ्यात साहेब आले. मॅडमनी त्यांना थोडक्यात सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"पोरी, एवढं तापायचं नसतं. ठेव ते तसंच, घेऊन जा घरी. संगणक तुझाच आहे. रविवारी शर्ट घालून ये, झालं. पाच मिनिटांचं काम."

मी खांदा काढून घेतला. "साहेब, तुमचं तुम्हाला मिळालं. आता माझं द्या."

"तुझं काय आहे आमच्याकडे?"

मी भिंतीकडे बोट केलं.

"तो फोटो? तो आमचा आहे. आम्ही काढलाय."

"तोंड माझं आहे. शर्ट माझ्या बापाचा आहे. कोयता तेवढा तुमचा."

मी पाहुण्यांची खुर्ची ओढली, चपलेसकट तिच्यावर चढले आणि फोटो उतरवला. मागच्या खिट्ट्या उघडल्या, फोटो ओढून काढला. चौकट टेबलावर ठेवली. "चौकट तुमची."

कुणी मला अडवलं नाही. मला वाटलं होतं मारतील. त्यांना काय करावं ते सुचत नव्हतं, कारण आमच्यातलं कुणी त्या खुर्चीवर चढेल असं त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

जाताना मी झाकण लावलं, वायर जोडली आणि त्यांच्या संगणकाचं बटण दाबलं. काहीच झालं नाही. पडदा काळा.

"दिला तसा परत केलाय," मी म्हणाले. "दिला तेव्हा सुरू तरी व्हायचा. पॉवर सप्लाय तेवढा तुम्ही घालून घ्या."

माझे पार्ट आणि फोटो वडिलांच्या शर्टात गुंडाळले आणि आईला हाताला धरून बाहेर काढलं. फाटकापर्यंत ती माझ्यामागे ओढली जात होती.

पुढचं सांगते, कारण लोकांना वाटतं इथे गोष्ट संपली. आईचं काम त्याच संध्याकाळी गेलं. फोन करून सांगितलं, येऊ नको. तिच्या पाठीमागे कप मोजून घेतले, हे दुसऱ्या बाईकडून कळलं. जवळपासच्या कारखान्यांतही तिला कुणी ठेवून घेईना. माझी दोन गिऱ्हाइकं तुटली, ती साहेबांच्या उठबशीतली होती. शेजारीपाजारी म्हणाले, पोरीच्या अंगात मस्ती आली. आई माझ्याशी कित्येक दिवस बोलली नाही. भाकरी वाढायची आणि तोंड फिरवून बसायची. शेवटी एकदाच बोलली. "माजं काम हुतं ते. तुजं नव्हतं." तिला भीतीतून बाहेर काढायला निघाले आणि तिची भाकरी काढून घेतली, असं ती म्हणाली तर मी नाही म्हणू शकत नाही. तरी मी तेच पुन्हा करीन. हेही तिला सांगितलं.

रविवारी वाढदिवस झाला. दुसरी एक पोर मिळाली त्यांना. तिच्या अंगात शर्ट होता, हातात कोयता. त्या कोयत्याची मूठ अजून खरखरीत असणार. फ्लेक्स फाटकावर लागला, मी येताजाता बघते. ती साहेबांकडे बघतेय. तिचा पत्ता मी काढलाय. तिला संगणक उघडायला शिकवणार आहे. पहिल्यांदा झाकण काढायचं आणि कुठल्या खाचेत धूळ नाही ते बघायचं, एवढं आधी सांगणार आहे.

रफिकभाईंनी एक जुना बोर्ड, जुना पडदा, कीबोर्ड-माउस आणि बाजूचं झाकण नसलेलं कॅबिनेट दिलं. फुकट देत होते. मी नको म्हणाले, हप्ते बांधून घेतले. माझी एसएसडी, माझ्या पट्ट्या, माझा पॉवर सप्लाय त्यात बसवला. बटण दाबलं. लगेच सुरू झाला. दादाने ओढून ठेवलेल्या रेघा मी परत जागेवर आणल्या.

त्यानंतर आईने पेटी आवरायला काढली. वडिलांचा शर्ट धुवायला घेताना तिने खिसा चाचपला आणि माझ्यासमोर तळहात धरला. एक स्क्रू. कॅबिनेटच्या झाकणाचा. पार्ट गुंडाळताना नकळत खिशात गेलेला.

"त्यांचा हाय," ती म्हणाली. "दिऊन ये."

"न्हाई," मी म्हणाले.

"अगं, त्यांचा हाय."

"असू दे."

मी तिच्या हातातून तो घेतला. माझ्या कॅबिनेटला एक स्क्रू कमी होता, पॉवर सप्लाय एका बाजूने हलत होता. तिथे तो लावला. घट्ट पिळला. आई बघत होती. उठून गेली नाही.

फोटो मी फाडलेला नाही. शर्टाबरोबर पेटीत आहे.

त्यांचा एक स्क्रू माझ्याकडे आहे. ज्याला तो हवा असेल त्याने आमच्या खोलीवर यावं, दारात बूट काढावेत, आत येऊन खाली फरशीवर बसावं आणि मागावा.

मी देणार नाही.